लाखेचा हात

मायक्रोस्कोप मोरीत उपडा पडला होता. शेजारी चिंचेचा कोळ, मिठाची वाटी आणि नारळाची शेंडी. आई पदर खोचून उभी, आणि चेहऱ्यावर दिवाळीआधी समया घासून झाल्या की असतं ते समाधान.

"बघ, कसा सोन्यासारखा निघालाय! काय कळकट आणला होतास."

मी मटकन खाली बसलो.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मंगळवारी का नाही, हे विचारायचं नसतं. तिथे गंजलेले पाने, एकेकटे बूट आणि बंद पडलेल्या मिक्सरच्या गर्दीत हा मायक्रोस्कोप मला सापडला होता. विकणाऱ्या काकांनी "उभी दुर्बीण" म्हणून त्याची ओळख करून दिली. लाकडी पेटी, पितळी नळी, खाली उजेड वळवायला बशीसारखा आरसा. तासभर घासाघीस करून मी तो घरी आणला. उरलेली घासाघीस आईने केली.

जुन्या यंत्रांच्या नादी लागलेल्या माणसाला पहिला धडा मिळतो तो हा, की पितळ घासायचं नाही. एकोणिसाव्या शतकातले कारागीर घडवलेल्या पितळेवर लाखेचा हात द्यायचे. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, पितळ हलकंसं तापवायचं आणि मऊ कुंचल्याने एका दमात हात फिरवायचा. कुंचला मध्येच अडखळला तर त्याचा ओरखडा कायमचा राहतो. हवा लागून पितळ काळवंडू नये म्हणून हा खटाटोप. वर सोनेरी झाक यावी म्हणून त्या लाखेत कधी केशर, कधी चक्क हळद घालत. आपल्याकडे पळसाच्या आणि बोरीच्या झाडांवर किडे लाख तयार करतात. ती विलायतेला जायची आणि लंडनच्या कारखान्यांतून यंत्रांच्या अंगाला लागून पुन्हा इकडे यायची.

हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे लाख आपली, हळदही आपली. मग चिंचेनेच काय घोडं मारलंय?"

खरं दुःख लाखेचंही नव्हतं. नळी वरखाली करायला मायक्रोस्कोपला दोन बाजूंना दोन फिरक्या असतात. माझ्या मायक्रोस्कोपच्या उजव्या फिरकीवरची लाख पार उडाली होती, खालचं पितळ तपकिरी आणि गुळगुळीत झालं होतं. डावी फिरकी मात्र जवळजवळ कोरी. म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षं उजव्या हाताने फिरकी फिरवत आणि डाव्या हाताने काच सरकवत त्यात डोळा घालून बसलेलं होतं. डॉक्टर असेल, कॉलेजातला डेमॉन्स्ट्रेटर असेल. त्याचं नाव नाही, गाव नाही. त्याची एवढीच एक सही उरली होती. आता दोन्ही फिरक्या सारख्याच झगझगीत दिसतात. लग्नाच्या रुखवतात ठेवावा असा तो मायक्रोस्कोप झालाय.

त्या रात्री मला रोनाल्ड रॉस आठवला. २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद. लष्करी नोकरीतला हा डॉक्टर त्या मरणाच्या उकाड्यात डास चिरत बसला होता. पंखा बंद, कारण वाऱ्याने चिरलेले डास उडून जायचे. त्यानेच पुढे लिहून ठेवलंय की कपाळावरच्या आणि हातांच्या घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले होते आणि शेवटचं उरलेलं नेत्रभिंगही तडकलं होतं. त्या तडकलेल्या भिंगातून त्याला डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाच्या जंतूच्या पेशी दिसल्या आणि मलेरियाचा माग लागला. आता कल्पना करा, तो मायक्रोस्कोप आमच्या आईच्या हाती लागला असता तर! गंजही गेला असता आणि रॉसचा घामही.

गंमत म्हणजे, आई ज्याला कळकट म्हणते तोच कळकटपणा आता खास बनवून विकला जातो. उत्तराखंडातल्या रुडकीत मोजणीची आणि ड्रॉइंगची उपकरणं बनवण्याचा मोठा धंदा आहे, खरी आणि कामाची. पण त्याच भागातून 'जुनी' होकायंत्रं आणि जहाजावरून सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचे सेक्स्टंटही बाहेर पडतात; त्यांच्यावर लंडनचं नाव आणि हवं ते साल कोरलेलं असतं. मीही सुरुवातीला एक घेतलं होतं, लपवत कशाला. काळेपणा सगळीकडून अगदी सारखा होता, तिथेच मला संशय यायला हवा होता. वापरलेली वस्तू कधी सारखी काळी पडत नाही. बोट जिथे टेकतं तिथे ती उजळते, आणि जिथे पोचत नाही त्या कोपऱ्यात काजळी साठते. आईच्याच तांब्याभांड्यांत हे रोज दिसत होतं, पण बाजारात गेलं की माणसाची अक्कल खिशातल्या पैशांबरोबर बाहेर येते.

आपल्याकडच्या १९७२च्या कायद्याने शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, आणि गेलेल्या काळातल्या विज्ञानाची साक्ष देणाऱ्या वस्तूही त्यात मोडतात. त्या खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत. हे ऐकल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने हिशेब केला, "म्हणजे मला अजून बावीस वर्षं आहेत. तोवर तुझ्या बहिणीकडे अमेरिकेला जाऊन येते."

गेल्या रविवारी पुन्हा जुना बाजार. त्याच काकांकडे एक लाकडी वस्तू दिसली. वीतभर उंच, एका टोकाला कर्ण्यासारखं पसरट तोंड, दुसऱ्या टोकाला भोक असलेली चपटी चकती. "मेणबत्तीचा स्टँड, साहेब. उलटा ठेवला तर फुलदाणी." मी जीव मुठीत धरून, चेहरा शक्य तितका कोरा ठेवून पैसे दिले. घरी येऊन व्याख्यान सुरू केलं. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्याने कागदाची सुरळी केली आणि पहिला स्टेथोस्कोप जन्मला. पुढे तो स्वतः लाकडाच्या नळ्या घडवायला लागला. त्याच घराण्यातला हा पिनार नावाच्या फ्रेंच डॉक्टरचा कर्णा...

"अरे, हा तर फीटोस्कोप!" मावशी आतून पदराला हात पुसत आली. ती तीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती. "आमचा अॅल्युमिनियमचा होता. वीज नाही, सोनोग्राफी नाही, आडगावात हाच. पोटातल्या बाळाचे ठोके मोजायचे मिनिटाला. एकशेवीस ते एकशेसाठ."

तिने पसरट तोंड जेवणाच्या टेबलावर टेकवलं, वाकून चकतीला कान लावला आणि हात काढून घेतला. कर्णा नुसता कान आणि टेबल यांच्यामध्ये उभा.

"धरायचा नाही?" मी विचारलं.

"धरला की आपल्याच हाताची खरखर ऐकू येते." तिने डोळे मिटले. टेबलात कसले ठोके असणार, पण ती चांगलं अर्धं मिनिट तशीच राहिली. तिच्या ओठांचं मोजणं चालू होतं.

आई मोरीच्या दारात उभी राहून बघत होती. चिंचेची वाटी हातातच.

"ह्याला काय लावायचं असतं?"

"कान," मावशी डोळे न उघडता म्हणाली.