गीझरची ज्योत निळीच हवी

दिवाळीच्या आधी आमच्याकडे माळे, पंखे, जाळ्या वगैरे सगळं निघतं पण सगळ्यात आधी मी गॅस गीझर उघडते, आणि त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी थंडीत सासूबाई आंघोळ करून आल्या की डोकं धरून बसायच्या, मळमळतंय म्हणायच्या, आम्ही म्हणायचो आई पित्त झालं असेल, सकाळचा चहा कमी करा. मग त्या आठ दिवस नणंदेकडे साताऱ्याला गेल्या आणि तिकडे काहीच त्रास नाही, परत आल्या तर पुन्हा तेच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि गीझरच्या काचेतून बघितलं तर ज्योत पिवळीजर्द, लांबलांब, वरच्या टाइलवर काजळी, आणि थंडी वाजते म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर आम्हीच प्लास्टिक चिकटवलेलं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. बर्नरमध्ये धूळ, कोळ्याची जाळी, काजळी साठली किंवा खोलीच बंद असली की तो अर्धवट जळतो, ज्योत निळीऐवजी पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलेंडरचा जो वास येतो तो गॅस गळाला तर कळावा म्हणून मुद्दाम घातलेल्या मरकॅप्टनचा असतो, तो जळून गेल्यावर उरत नाही, त्यामुळे वास येत नाहीये म्हणजे सगळं ठीक असं धरूच नका. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, आणि मग माणूस कडी लावलेल्या बाथरूममध्येच बेशुद्ध. म्हणून त्याच आठवड्यात गीझर ड्राय बाल्कनीत हलवला, तोपर्यंत पाणी शेगडीवर तापवलं. गॅस गीझर बाथरूमच्या आत नकोच, मग खिडकी कितीही मोठी असो.

आता साफसफाई. आधी रेग्युलेटर बंद, पाण्याचा कॉक बंद, आणि खालचे दोन मोठे सेल काढायचे. समोरचे नॉब ओढले की निघतात, मग स्क्रू काढून पत्रा उतरवायचा (तारा कुठून कशा गेल्यात त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, फार उपयोगी पडतो). बर्नरच्या फटी जुन्या कोरड्या टूथब्रशने साफ करते, वरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधली काजळी मऊ ब्रशने हळूहळू, खाली वर्तमानपत्र पसरून, आणि मास्क लावून कारण ती काळी पूड नाकातोंडात जाते. तारेचा ब्रश नको, पट्ट्या वाकतात. पाणी येतं तिथे एक बारीक जाळी असते ती काढून धुवायची, टँकरच्या पाण्यामुळे आमच्या धायरीत त्यात एवढी वाळू निघते की विचारू नका, आणि ती तुंबली की पाण्याचा दाब कमी पडून गीझर पेटतच नाही, लोक उगाच सेल बदलत बसतात. बोअरच्या पाण्याचा क्षार आतल्या नळीत बसतो, त्यासाठी कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून नळीत तासभर भरून ठेवते, मग भरपूर साधं पाणी सोडायचं.

सेल दर सीझनला नवेच घाला. जुन्या सेलवर ठिणगी अशक्त पडते, तेवढ्यात गॅस साठतो आणि भप्पकन पेटतो. उन्हाळ्यात गीझर बंद ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा, नाहीतर आत फुटून पट्ट्या गंजतात.

जेट (गॅस ज्या बारीक भोकातून बर्नरमध्ये येतो तो भाग) आणि गॅसच्या व्हॉल्व्हला मात्र मी हात लावत नाही, ते मेकॅनिकचंच काम. आमच्या सोसायटीत आता पाइपचा गॅस येतोय आणि काहीजण म्हणतात फक्त नळी जोडली की झालं. तसं नाही हो, पाइपच्या गॅसचं जेटचं भोक मोठं असतं, सिलेंडरचं बारीक, ते बदलल्याशिवाय चालू करू नका. आणि कोणीही गॅसचा जोड उघडून परत लावला की साबणाचा फेस लावून बघा बुडबुडे येतात का, काडी पेटवून कधीच नाही. वास आलाच तर खिडक्या उघडा, लाइटच्या बटणाला हात लावू नका, बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा, तो सिलेंडरच्या गळतीसाठीच आहे.

गॅसची केशरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, मी तारीख मार्करने भिंतीवरच लिहिलीय. सासूबाईंचं डोकं त्यानंतर तसं दुखलं नाही. तरी त्या आंघोळीला गेल्या आणि बाल्कनीत गीझर पेटतानाची टकटक ऐकू आली की मी हातातलं काम टाकून एकदा ज्योत बघून येते.