पर्थमध्ये बसून मानशीचा धडा

डिजिटल लर्निंगमध्ये मास्टर्स करतेय म्हटलं की गावाकडून प्रश्न ठरलेला, "म्हणजे कॉम्प्युटरचं काय ते?" आई तर गोव्यात फोंड्याच्या बाजारात भेटेल त्याला 'ती ऑनलाइन शिकवायला शिकते' असं सांगते, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटतं की मग त्यासाठी पर्थला कशाला जायला हवं होतं!

अर्धा कोर्स झाला. विद्यापीठाला प्रगतीचा अहवाल हवा होता: काय शिकलात, कामात काय बदललं, पुराव्यासकट. स्टोरीबोर्ड (धड्याचा चित्रांतला आराखडा), रुब्रिक (गुण द्यायचे निकष), क्विझचे नमुने असं सगळं जोडून तो दिला. त्यात न मावलेलं इथे लिहिते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका जुन्या रेडिओने. इथे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखात गुरांची कुरणं इतकी अफाट, की शाळा म्हणून इमारत बांधायची तरी कुठे? आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या माणसाने १९२९ च्या सुमारास पायाने पेडल मारून वीज तयार करणारा रेडिओ बनवला. त्याचा मूळ उपयोग विमानाने येणाऱ्या डॉक्टरांना बोलवायला. १९४४ मध्ये ॲडलेड मिथकी या शिक्षिका तिकडे गेल्या, घरोघरची पोरं हा रेडिओ बिनधास्त हाताळताना त्यांनी पाहिली, आणि याच यंत्रावरून शिकवलं तर, अशी कल्पना त्यांना सुचली. १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला 'स्कूल ऑफ द एअर' सुरू झालं. सुरुवातीला बाई बोलणार आणि मुलं ऐकणार, एवढंच होतं. पण लवकरच प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्नोत्तरांचा वेळ ठेवला जाऊ लागला. खरखरत्या आवाजात का होईना, मूल परत बोलू लागलं.

मी रोज ज्यावर असाइनमेंट चढवते ते मूडल, म्हणजे ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर, पर्थचंच. पहिली आवृत्ती २००२ ची. ते बनवणारा मार्टिन डुगियामास वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वाढला आणि लहानपणी रेडिओवरच्या याच शाळेत शिकला. मूडलमध्ये मुलांनी आपापसांत बोलण्याला एवढी जागा आहे, ती त्यातूनच आली असावी असं मला तरी वाटतं.

हे वाचताना २०२० ची, कोरोनातली ऑनलाइन शाळा डोळ्यांपुढे येत होती. सत्तरी, सांगे तालुक्यांतली मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती, पावसात छत्री धरून मोबाईल सांभाळत होती. आणि एवढं चढून त्यांना मिळत काय होतं? पंधरा-वीस मिनिटांचा व्हिडिओ. मागे संगीत, पडद्यावर परिच्छेद, आणि तोच परिच्छेद वाचून दाखवणारा आवाज. मुलाने उलट काही विचारायची सोय नाही. नेटवर्कवर आपण खूप बोललो, बोलायलाच हवं होतं. धड्यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही.

त्या परिच्छेदाबद्दल इथे नीट कळलं. सिडनीचे शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेला विचार असा, की एका वेळी डोक्यात फार थोडं मावतं. समोर आकृती असताना तेच शब्द वाचायलाही दिले आणि ऐकवलेही, तर मुलाची शक्ती दोन्ही जुळवण्यातच जाते. म्हणून आता माझं निम्मं काम काढून टाकण्याचं. आधी संगीत जातं, मग सजावट, मग मजकूर. फाइल हलकी होते हा वरचा फायदा.

माझ्या प्रोजेक्टचा विषय खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती. वर्गातल्या कुणी मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं लाकडी दार, पाहिलेली नाही, त्यामुळे सादरीकरणात बांध, खाडी, लाकडी दार सगळं हातवारे करून सांगावं लागलं. धडा चौथीसाठी. दोन चित्रं: एक भरतीचं, एक ओहोटीचं. दोन मिनिटांचा मराठी आवाज. शेवटी एकच प्रश्न, 'भरतीच्या वेळी दार कोण बंद करतं?' उत्तर लिहायचं नाही, बोलून पाठवायचं. क्विझचे चार पर्याय ठेवले असते तर गुण आपोआप मोजता आले असते, आणि माझ्या मार्गदर्शक बाईंना तेच हवं होतं. मी अडून बसले.

झुआरी नदीकाठच्या एका मराठी शाळेत माझी मैत्रीण शिकवते. तिने पालकांच्या परवानगीने तो धडा वर्गात चालवला. पर्थ अडीच तास पुढे असल्यामुळे इथे जेवणाची सुट्टी झाली तोवर तिकडची उत्तरं यायला लागली. बहुतेकांचं 'पाणी'. बरोबरच आहे, खाडीचं पाणी चढलं की त्याच्याच रेट्याने दार लागतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं. एक मुलगा मात्र थांबेचना. "पाण्यान बंद जाता बाई, पण कुर्ल्यो बांदाक बुराक करतात, मागीर खारें उदक शेतांत येता." म्हणजे, पाण्याने बंद होतं, पण खेकडे बांधाला भोक पाडतात, मग खारं पाणी शेतात येतं. मराठी शाळेत कोकणी उत्तर, आणि मजकुराने माझ्या धड्याच्या पुढे. खेकडे माझ्या चित्रात नव्हतेच.

हे उत्तर मार्गदर्शक बाईंना भाषांतर करून ऐकवलं. त्यांनी पर्यायांचा विषय पुन्हा काढला नाही, उलट दुसरा धडा बांधावर कर म्हणाल्या.



तर आता बांधाचा धडा. चिखल, पेंढा, दगड यांचा थर कसा घालतात आणि कुर्ल्यांचं भोक कसं बुजवतात हे पुस्तकातून घ्यायचं नाही असं ठरवलंय. तुमच्यापैकी कुणी बांध घातला असेल, मानशीचं दार बदललं असेल, तर व्हॉइस मेसेज पाठवा. कोकणीत पाठवलात तरी चालेल, मागे कोंबडा आरवला तरी चालेल. फक्त दोन मिनिटांच्या आत आटपा.