सेकंडहँड अबार्थ, गिअरचा पंप आणि कस्टममध्ये अडकलेलं पार्सल

जुनी इटालियन गाडी घेतली की प्रत्येक जण विचारतो, "पार्ट मिळतात का?" मिळतात हो. पैसे भरले की इटलीतला दुकानदार दुसऱ्या दिवशी पाठवूनही देतो. मग तो पार्ट मुंबईत कुरिअरच्या गोदामात बसून राहतो आणि आपण इथे गोव्यात, फोंड्यात फोन लावत बसतो. अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

गाडी अबार्थ ५९५ कॉम्पेटिझिओने, म्हणजे फियाट ५०० वर बेतलेली छोटी वेगवान गाडी. २०१५ साली भारतात आली तेव्हा दिल्लीची एक्स-शोरूम किंमत २९.८५ लाख होती. १.४ लिटर टर्बो इंजिन, १६० हॉर्सपॉवर. इटालियन म्हणायची, पण जोडली जायची पोलंडमधल्या कारखान्यात. माझी पुण्याहून आली. एनओसी, फॉर्म २९, फॉर्म ३०, टॅक्स, जीए-०५ नंबर, सगळं सुरळीत झालं.

या गाडीला क्लच पेडल नाही, पण ही साधी ऑटोमॅटिकही नव्हे. गिअरबॉक्स मॅन्युअलच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेलाच्या दाबावर चालतं. मॅग्नेती मारेल्लीची ही पद्धत. १९९७ च्या फेरारी एफ३५५ एफ१ मध्येही त्यांचीच होती. पंप तेलाचा दाब तयार करतो आणि अ‍ॅक्युम्युलेटर नावाचा मुठीएवढा लोखंडी डबा तो साठवून ठेवतो. डब्यात पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन असतो. वर्षांगणिक तो कमी होत जातो, मग दाब टिकत नाही आणि पंप सारखा सुरू होतो.

घेण्याआधी तपासायचं असेल तर बोनेट उघडायचीही गरज नाही. गाडी रात्रभर उभी असू द्या. सकाळी ड्रायव्हरचं दार उघडलं की पंपाचा गुंईऽऽ आवाज येतो. तो लवकर थांबायला हवा. मग इंजिन सुरू करून जागेवरच दोन-चार वेळा गिअर बदला. प्रत्येक गिअरला पंप ओरडत असेल तर डबा गेला म्हणून समजा आणि किंमत पाडून मागा. डबा वेळेत बदलला तर खर्च हजारांत राहतो. नाही बदलला तर पंपाची मोटर आणि रिले (तिला वीज देणारा स्विच) जळतात, आणि अख्खं युनिट घ्यायची पाळी आली तर गोष्ट लाखांत जाते.

माझ्या मेस्त्रीने पहिल्या राउंडलाच ओळखलं. "पात्रांव (म्हणजे मालक), आयकता मूं? पंप परत सुरू जालो." लॅपटॉपवर मल्टीईसीयूस्कॅन हे गाडी तपासायचं सॉफ्टवेअर लावून दाब पाहिला आणि पार्ट नंबर लिहून दिला. इटलीत डबा अकरा हजारांच्या आसपास, वर कुरिअर पाच हजार. मागवला.

आता इथून पुढे.

पार्सल मुंबईत उतरलं आणि ट्रॅकिंगवर "केवायसी प्रलंबित" असं आलं. आधार अपलोड केलं. नामंजूर. कारण दिलं नाही. हेल्पलाइनवर सनईसारखं काहीतरी वाजत राहतं, मग एक मुलगा येतो, "सर, तुमचा मुद्दा पुढे पाठवलाय" म्हणतो आणि फोन ठेवतो. पुढच्या फोनला दुसरा मुलगा, आपण पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायची. एकाने शेवटी सांगितलं की नाव जुळत नाही. पार्सलवर नाईक, शेवटी के. आधारवर तेच नाईक, पण शेवटी क्यू-यू-ई. गोव्यात पोर्तुगीज काळापासून अर्ध्या घरांत हीच तऱ्हा आहे. माझ्या काकांचं आडनाव तर तिसऱ्याच स्पेलिंगने लागतं. मुंबईच्या कॉल सेंटरला हे सांगून काय उपयोग?

म्हणाले, अ‍ॅफिडेव्हिट द्या. वकिलाकडे गेलो, स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का, "वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच". अपलोड केलं. उत्तर आलं, अ‍ॅफिडेव्हिट हे केवायसीचं कागदपत्र नाही. मागितलं कोणी होतं मग? तेवढ्यात गोदामभाड्याचा मेसेज आला. म्हणजे अडवणार ते आणि भाडं भरणार मी.

शेवटी एक बाई फोनवर आल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "पासपोर्ट आहे का? त्यावर काय नाव आहे?" पासपोर्टवर शेवटी के. पाठवला आणि त्याच संध्याकाळी केवायसी पास झालं. ही एक ओळ पहिल्याच मुलाला सांगता आली नसती का? त्यामुळे मागवायच्या आधी पॅन, पासपोर्ट, आधार, लायसन्स समोर मांडा. ज्यावर जसं स्पेलिंग आहे तसंच ऑर्डरमध्ये लिहा आणि तेच कागदपत्र पाठवा.

संपलं नव्हतं. ड्युटीचा हिशेब आला तेव्हा किमतीत कुरिअरचे पूर्ण पाच हजार मिळवलेले. कस्टमचं मूल्य वाहतूक आणि विमा धरूनच काढतात, ते बरोबर; पण माल विमानाने आला असेल तर वाहतूक मालाच्या एफओबी किमतीच्या (म्हणजे तिकडे विमानात चढवेपर्यंतच्या किमतीच्या) २० टक्क्यांहून जास्त धरता येत नाही. कस्टम मूल्यांकन नियम २००७, नियम १०(२). अकरा हजारांवर बावीसशे. ड्युटी त्या आकड्यावर आणि आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, पुन्हा ड्युटी धरून, म्हणजे चूक वर वर चढत जाते. फरक हजारभर रुपयांचाच होता, पण एव्हाना माझा पारा चढला होता. नियमाचा क्रमांक घालून मेल टाकला. आकडा मुकाट बदलून आला. त्या दिवशी जेवण गोड लागलं, खोटं कशाला बोलू. दुकानदाराकडून बिलावर मालाची किंमत आणि वाहतूक वेगवेगळी लिहून घ्या. वाहतूक कळतच नसेल तर सरसकट २० टक्के धरतात.

डबा बसवायला मेस्त्रीला अर्धा तास लागला. आधी सॉफ्टवेअरमधून दाब सोडायचा, नाहीतर तेल तोंडावर येतं. पंप आता दार उघडल्यावर जरासा बोलतो आणि गप्प होतो.

बाकी खर्च आठवतील तसे. टायर २०५/४० आर१७. पावसाळ्यात पाण्याखालच्या खड्ड्यात रिम वाकते, एक स्पेअर रिम मिळाली तर घेऊन ठेवा. पर्वरीच्या ट्रॅफिकच्या रांगेत सरपटत जाऊ नका, क्लच तिथेच झिजतो. पुढच्याला अंतर द्या, मगच हला. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरू नका, हँडब्रेक आहे. खाऱ्या हवेने बॅटरीची अर्थ वायर गंजते आणि डॅशबोर्डवर भलभलते दिवे लागतात. हजारो रुपये देण्याआधी ती घासून पाहा. इंजिन फियाटच्या पुंतो अबार्थच्याच घराण्यातलं, म्हणून बेल्ट, वॉटर पंप, प्लग पुण्यातून मिळू शकतात, पार्ट नंबर मात्र जुळवून घ्या.

बेल्टवरून आठवलं. टायमिंग बेल्ट बदलताना दोन्ही कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) लॉक करायचं खास टूल लागतं, नुसती खूण करून भागत नाही. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, तोही त्याच वेळी बदला. टूल आहे का ते गॅरेजला आधी विचारा, आणि "अंदाजाने बसवतो" म्हणाले तर गाडी तिथून काढा. टायमिंग चुकलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग इंजिनच उघडावं लागतं.