सुकाणूची भेग

रविवार

आज होडी नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावरच ठेवली आणि सुकाणू मात्र काढून घरी आणले. आमची होडी एंटरप्राइज जातीची, म्हणजे जॅक होल्ट यांनी 1956 साली आखलेली, जेमतेम चार मीटर लांबीची, दोघांनी चालवायची. मुंबईहून जुनी घेतलेली असल्यामुळे तिच्या अंगावर आधीच्या मालकांनी केलेल्या डागडुजीचे थर आहेत. हल्ली वारा जरा वाढला की टिलर, म्हणजे सुकाणू वळवायचा दांडा, हाताला जड लागत असे आणि मधूनच बारीक थरथरत असे. टिलर जड लागला की पहिला संशय शिडावर जातो, कारण मोठे शीड फार आवळले आणि होडी कलली की तिचे नाक वाऱ्याकडे वळू पाहते व तो सगळा ओढा सुकाणूला सोसावा लागतो. म्हणून आज होडी मुद्दाम सपाट ठेवली, शीड सैल सोडले. ओढ कमी झाली, पण जितकी व्हायला हवी होती तितकी नाही, आणि थरथर तर तशीच राहिली. मागे वाकून पाहिले तेव्हा सुकाणूचे पाते, म्हणजे त्याचा पाण्यात बुडणारा भाग, सरळ खाली नव्हते. पाण्याच्या रेट्याने ते मागच्या बाजूला उचलले गेले होते.

काठावर पाते पुसले तेव्हा भेग दिसली. सुकाणूच्या डोक्याच्या, म्हणजे पाते धरून ठेवणाऱ्या वरच्या भागाच्या, दोन फळ्यांमधून पाते जिथे बाहेर पडते, नेमक्या त्या कडेला समांतर, डाव्या अंगावर, केसाएवढी.

सोमवार, रात्र

आमचे पाते म्हणजे आत प्लाय, त्यावर रेझिनने चिकटवलेले फायबरचे कापड आणि वर रंग. रंगाच्या वरच्या थराला तडे अनेक कारणांनी जातात आणि त्यातले बरेचसे निरुपद्रवी असतात. दगडाचा ठोका बसला तर एका बिंदूपासून चांदणीसारखे फुटलेले तडे दिसतात. वाकण्यामुळे पडलेले तडे मात्र एकमेकांना समांतर आणि ताण जिथे सर्वांत जास्त तिथेच असतात. आमची भेग दुसऱ्या प्रकारची आहे. ती किती खोल आहे हे पाहण्यासाठी काळ्या मार्करची शाई तिच्यावर चोळली आणि लगेच थिनरच्या फडक्याने पुसून काढली. वरची शाई गेली, भेगेतली राहिली. डोळ्यांना बोटभर दिसणारी भेग शाईने पार, पाते ज्यावर फिरते त्या बोल्टच्या भोकापर्यंत पोहोचलेली दाखवली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वेल्डिंगचे जोड तपासताना लाल रंग आणि पांढरी भुकटी वापरतात, त्याचेच हे गरिबाघरचे रूप.

मग मनाशी आकडेमोड करून पाहिली. होडीचा वेग ताशी 9 किलोमीटर, पात्याचा पाण्यातला भाग सुमारे 0.1 चौरस मीटर आणि टिलर जोरात वळवलेला असे धरले, तर पात्यावर आडवा दाब साधारण 30 किलो वजनाइतका येतो. वेग दुप्पट झाला तर तो चौपट होतो. हा सारा भार डोक्यातून बाहेर आलेल्या पात्याच्या त्या एका रेषेवर वाकण्याच्या रूपाने येतो, आणि पाते मागे सरकलेले असेल तर वाकण्याबरोबर पिळवटणेही वाढते. भेग तिथेच का पडली, याचे मला आता आश्चर्य वाटत नाही.

बुधवार

शेजारचे काका ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानांच्या कारखान्यातून, निवृत्त झाले आहेत. त्यांना सुकाणू दाखवायला नेले तर त्यांनी भेगेकडे पाहिलेसुद्धा नाही. "आधी नाणं आण," एवढेच म्हणाले. मी पाच रुपयांचे नाणे दिले. त्यांनी पाते सतरंजीवर आडवे ठेवले आणि खालच्या टोकापासून बोटाबोटाच्या अंतराने नाण्याच्या कडेने ठोकत वर आले. टण, टण, टण असा एकसारखा कोरडा आवाज येत होता, आणि बोल्टच्या भोकाच्या खाली चार बोटांवर तो एकदम भद्द झाला. "हे बघ, इथे कापड लाकडापासून सुटलंय. पेन्सिल दे." आवाज बदलेल तिथे खूण करत त्यांनी जी आकृती काढली ती भेगेपेक्षा कितीतरी मोठी, वाकड्या पेरूच्या आकाराची निघाली. "विमानाच्या पत्र्यालाही आम्ही हेच करायचो," असे म्हणून त्यांनी नाणे स्वतःच्या खिशात टाकले.

"काका, पाणी भेगेतून शिरलं असेल का?"

"भेग नंतरची आहे रे. पाणी भोकातून शिरलं."

ते बरोबर होते. बोल्ट काढला तर भोकाच्या आत उघडे प्लाय दिसले, काळपट, नखाने दाबले तर दबणारे. भोक पाडणाऱ्याने त्याला आतून काहीही लावले नव्हते. लाकूड भिजले, फुगले, आतला जोड सुटला. आधार गेल्यावर वरचे फायबर एकटेच वाकत राहिले आणि शेवटी चिरले. याच भेगेत पुट्टी भरून वरून रंग मारला असता तर सुकाणू उन्हाळाभर देखणे दिसले असते आणि एखाद्या जोराच्या झोतात मधोमध मोडले असते.

शनिवार

सुटलेले फायबर ग्राइंडरने काढले. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट असूनही मनगटांना खाज सुटली आहे. कुजलेले प्लाय पटाशीने कोरून घेतले आणि पाते वाळत ठेवले. वाळले की नाही हे हाताला कळत नाही, म्हणून ते रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवायचे ठरवले आहे. वजन उतरायचे थांबेल तोवर रेझिनला हात लावायचा नाही.

दुकानदाराने पॉलिस्टर रेझिन पुढे केले. स्वस्त आहे, टाक्यांना सगळे हेच वापरतात, म्हणाला. टाकी नव्याने ओतायची तर ते ठीकच आहे, पण जुन्या लाकडाला आणि जुन्या फायबरला ते तितकेसे धरत नाही. मी इपॉक्सी, म्हणजे त्यांना घट्ट धरणारे दुसरे रेझिन, घेतले.

शनिवार (पुढचा)

वजन स्थिरावले, पण थंडीने गाठले. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात. आमच्या गॅलरीतही त्यापेक्षा फार ऊब नाही. थंडीत इपॉक्सी बसायला फार वेळ लावते, आणि पॉलिस्टरप्रमाणे हार्डनर (रेझिन कडक करणारे रसायन) थोडे जास्त टाकून त्याला घाई करता येत नाही. प्रमाण चुकले की ते कायमचे मऊ राहते. शेवटी जुन्या खोक्यात पाते ठेवून आत शंभर वॉटचा पिवळा बल्ब लावला आणि शेजारी थर्मामीटर टांगला.

कोरलेल्या जागी नवे मरीन प्लाय उतरत्या जोडाने बसवले. कापडाचा थर सुमारे 2 मिलिमीटर जाडीचा, म्हणून जुन्या फायबरच्या कडा त्याच्या बारा पट, म्हणजे 24 मिलिमीटर रुंदीवर तिरक्या घासल्या. जोड असा पसरट असला तरच भार नव्यातून जुन्यात हळूहळू उतरतो. कापडाचे धागे पात्याच्या लांबीला 45 अंशांत ठेवले, कारण पिळवटणे तेच धागे झेलतात. दोन्ही अंगांना थर सारखेच दिले, नाहीतर पाते एकीकडे ओढले जाते. वाळल्यावर पृष्ठभागावर मेणचट थर आला होता. तो कोमट पाण्याने आणि घासणीने धुतल्याशिवाय पुढचा हात मारला नाही.

भोकाचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. बोल्ट 10 मिलिमीटरचा आहे. भोक 16 मिलिमीटर केले, फायबरचे तुकडे मिसळलेल्या घट्ट इपॉक्सीने ते पूर्ण भरले आणि कडक झाल्यावर मधोमध पुन्हा 10 चे भोक पाडले. आता बोल्टभोवती लाकूड नाही. पाणी आले तरी त्याला प्यायला तिथे काही नाही.

रविवार

पाते डोक्यात बसवून डोके टेबलाला शिकंज्याने आडवे आवळले आणि पात्याच्या मध्यावर वाळूची 30 किलोची पिशवी टांगली. काका कान लावून बसले. कुरकुर नाही. पिशवी काढल्यावर पाते जागेवर परतले. मग पात्याला पांढरा रंग दिला, कारण ऊन इपॉक्सीला खाते आणि गडद रंगाचे पाते उन्हात तापले तर ते मऊही पडते. मागची धार सुरीसारखी न करता दीड मिलिमीटर सपाट ठेवली.

पाते खाली धरून ठेवणारी दोरी मात्र जुनी, लांबलेली आहे आणि ती अडकवायचा खटका घसरतो. पाते मागे सरकत होते ते यामुळेच. न ताणणारी दोरी आणि नवा खटका घ्यायचा आहे. बिजागऱ्यांत खेळ आहे, थरथरीत थोडा वाटा त्याचाही असणार. त्यासाठी नायलॉनचे बुश, म्हणजे भोकात बसणाऱ्या नळ्या, अंबडला लेथवर करायला दिले आहेत, ते गुरुवारी मिळतील. काकांनी बजावले आहे की महिनाभर होडी चालवल्यावर सुकाणू पुन्हा त्यांच्याकडे आणायचे, आणि या वेळी नाणे त्यांच्याकडेच आहे.