पट्ट्यावरच्या पुश-अपमध्ये नेमकं कोण जास्त राबतं?

वर अडकवलेला पट्टा, टोकांना दोन हँडल आणि त्यांवर पुश-अप. सस्पेन्शन ट्रेनिंगची जाहिरात ऐकली तर अंगातला झाडून सगळा स्नायू दुप्पट राबतो असं वाटेल. पण कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूतली विद्युत हालचाल मोजली की चित्र इतकं सरसकट दिसत नाही. जमिनीवरच्या पुश-अपपेक्षा ठळक वाढ होते ती पोटाच्या सरळ स्नायूत, म्हणजे रेक्टस ॲबडोमिनिसमध्ये. दंडामागचा ट्रायसेप्सही बऱ्याचदा जास्त चालतो. छातीत फरक कधी थोडा, कधी नावापुरता. खांद्याचा फरा बरगड्यांना धरून ठेवणारा सेराटस अँटीरियर तर काही मोजमापांत पट्ट्यावर कमीच चालल्याचं दिसलं आहे.

असं का? जमिनीवर तळवा घर्षणाने जागच्या जागी अडकलेला असतो. हँडलला ती सोय नाही. जरा ढिलाई झाली की हात डोक्याच्या दिशेने पुढे सरकतात. हात पुढे गेले की आधार आणि पाय यांतलं अंतर वाढतं, कंबर खाली झोळीसारखी लोंबायला बघते आणि ती तशी पडू नये म्हणून पोट आवळावं लागतं. पोटाचा आकडा चढतो तो यामुळे. पोट थकल्यावर मात्र कंबर लोंबतेच आणि भार मणक्याच्या सांध्यांवर जातो. ‘पट्ट्याने कंबर धरली’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

म्हणून सुरुवात उंचावरून करावी. साध्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाच्या साधारण ६४ टक्के भार येतो; हात ६० सेंटिमीटर उंचीवर टेकवले तर ४१ टक्क्यांच्या आसपास. ७० किलोच्या माणसासाठी हा फरक ४५ किलो आणि २९ किलोचा झाला. हँडल आधी कमरेच्या उंचीला ठेवा. ३ सेकंदांत खाली, क्षणभर थांबून वर, असे ८ चे ३ सेट हँडल न थरथरता निघाले की पट्टा एक वीत खाली सोडा. जमिनीवर १५ स्वच्छ पुश-अप निघत नसतील, तर नडगीच्या उंचीला जाण्याची घाई नको.

पट्टा दंडाला घासून लाल चट्टा उठला, तर हात फार जवळ आले आहेत किंवा तुम्ही अँकरच्या, म्हणजे पट्टा जिथे वर अडकवलाय त्या जागेच्या, फार जवळ उभे आहात. पाय अँकरपासून अर्धं पाऊल दूर घ्या. मधल्या कडीतून सरकणारा पट्टा एका बाजूला करकरत पळाला, तर एक हात जास्त जोर लावतोय. हे फुकटात मिळणारं निदान आहे, आरशातही इतकं स्पष्ट कळत नाही. मनगट मागे मोडत असेल तर हँडल बोटांत नको, तळव्याच्या टाचेवर घ्या.

ओढण्याच्या व्यायामात, म्हणजे ‘रो’ या प्रकारात, पक्क्या बारच्या तुलनेत पाठीच्या स्नायूंत फारसा फरक पडत नाही. ढकलताना शरीर हलत्या आधारावर तोललेलं असतं. ओढताना ते पट्ट्याला लटकतं आणि लटकलेली वस्तू आपोआप सरळ रेषेत येते. इथे भार वाढवायचा तर पाय अँकरच्या खाली सरकवायचे, बस्स.

हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचे स्नायू, यांच्या कर्लची गंमत वेगळी. उताणं झोपून टाचा पट्ट्यात अडकवायच्या, पार्श्वभाग उचलायचा आणि टाचा ओढून घ्यायच्या. बहुतेकांचा पार्श्वभाग ओढताना खाली बसतो. मग मांडी नुसती पोटाकडे येते आणि मागचा स्नायू सुटतो. खांदे, कंबर, गुडघे शेवटपर्यंत एका रेषेत हवेत. पहिल्याच दिवशी पेटका आला तर घाबरू नका, आखडलेल्या अवस्थेत ताण पडला की तो येऊ शकतो. पाय सोडा, गुडघा सरळ करा, दुसऱ्या दिवशी ५ वरच थांबा.

दाराचा अँकर वापरत असाल तर तुमच्या ओढीने दार बंद होईल अशाच बाजूला उभे राहा आणि कडी लावून घ्या.