ड्रॉ चालायला लागला, आता बेअर फ्रंटचं काय?

मंडळी, शनिवारच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात सेकंड अँड नाइनला (दुसरा प्रयत्न, नऊ यार्ड हवे) ड्रॉ कॉल केला, म्हणजे पासचं नाटक करून चेंडू बॅकच्या हातात दिला, आणि तो 22 यार्ड पळाला. त्यांचा माइक (बचावाच्या दुसऱ्या फळीतला मधला लाइनबॅकर) पास कव्हर करायला मागे सरकत होता, बॅक शेजारून गेला तेव्हा कुठे त्याला कळलं. सप्टेंबरभर इनसाइड झोनवर (मधून सरळ घुसायचा रन) एक यार्ड, दोन यार्ड, मग उणे एक, असली रडकथा तुम्ही इथे वाचलीच आहे. त्यामुळे आज जरा ऐटीत लिहितोय, चालवून घ्या.

परिस्थिती तीच. सातवी-आठवीची पोरं, आमची ओ-लाइन (पुढे अडवणारे पाच जण: सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल) वजनाला हलकी, आणि समोरचे लाइनबॅकर स्नॅप झाला (सेंटरने चेंडू मागे दिला) की सुसाट खाली येतात. हेड कोचला त्यावर पॉवर (ताकदीचा रन) बसवायचा होता. माझं म्हणणं होतं की जे एवढ्या घाईने येतात त्यांच्याशी ताकदीने भांडण्यात अर्थ नाही, त्यांना आधी पासची धास्ती घालू या. आम्ही क्लीव्हलँडच्या उपनगरात राहतो, ड्रॉ आमच्या अंगणातला. चाळीसच्या दशकात इथल्या ब्राउन्स टीमचा पासचा प्ले फिसकटला, क्वार्टरबॅक (पास फेकणारा) ऑटो ग्रॅहमने अंगावर येणारे रशर बघून घाईत चेंडू बॅक मॅरियन मॉटलीच्या हातात कोंबला, तो मधून निघून गेला आणि कोच पॉल ब्राउनने त्या गोंधळाचाच प्ले केला, असं सांगतात. मॉटली शेजारच्या कँटनमध्ये वाढलेला. इथे ड्रॉला नाही म्हणणं अवघड जातं.

पण बसवायला घेतला आणि सगळं घोडं सेंटरपाशी अडलं.

आमच्या समोर बहुतेक वेळा 4-2 बॉक्स असतो: पुढे चार (मध्ये नोज आणि थ्री-टेक, कडेला दोन एंड), मागे दोन लाइनबॅकर, माइक आणि विल. लेफ्ट गार्ड नोजला घेतो, राइट गार्ड थ्री-टेकला, टॅकल दोन्ही एंडना बाहेरून फिरवतात, आणि सेंटर माइकवर चढतो. विल स्लॉटच्या (आतल्या रिसीव्हरच्या) मागे जातो, निदान जायला हवा. कागदावर यात काही नाही. मैदानावर मात्र माइक जागचा हलायचा नाही, बॅक यायची वाट बघत उभा. हेड कोचचा संशय क्वार्टरबॅकवर: चेंडू नीट वर धरत नाही, नजर सीम रूटवर (सरळ खोल धावणाऱ्या रिसीव्हरवर) ठेवत नाही. मग प्रॅक्टिसचा बराचसा वेळ त्या बिचाऱ्याच्या अभिनयात गेला. बॅकलाही ब्लिट्झ (जादा धावून येणारा बचावपटू) उचलायला थांबल्याचं नाटक शिकवलं. फरक शून्य.

साइडलाइनवरून घेतलेल्या फिल्ममध्ये हे दिसत नाही. शेवटी एंड झोनमागे शिडी लावून फोन तिच्यावर बांधला आणि 240 फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये शूट केलं. सरावाच्या पहिल्याच प्लेमध्ये उत्तर सापडलं. चार जण पास सेटमध्ये, हेल्मेट वर. सेंटर एकटा स्नॅप करता करता डोकं खाली घालून पुढे निघालेला, थेट इनसाइड झोनसारखा. हेल्मेट वर दिसलं तर पास, खाली दिसलं तर रन, हे लाइनबॅकरला पहिल्या दिवसापासून शिकवतात. मग पाचातलं एक हेल्मेट खाली गेलं की क्वार्टरबॅकने कितीही अभिनय केला तरी काय उपयोग? (शिडीवर बिनपैशात झालेलं काम. या कामासाठी लोक उंच टेलिस्कोपिक मास्ट विकतात, त्याची किंमत बघितली आणि टॅब बंद केला.)

उपाय म्हणून सेंटरला तीन शब्द दिले: बस, हात, जा. स्नॅप झाला की मागे बसायचं, दोन्ही हात नोजच्या आतल्या खांद्यावर मारायचे, मग माइककडे जायचं. त्या हाताचा दुहेरी फायदा. पास सेट खरा वाटतो, आणि नोज सेंटरच्या तोंडासमोरून मध्ये घुसत नाही. गार्डना उलट सवय मोडावी लागली. ते समोरच्याला ढकलून मागे नेऊ बघायचे. ड्रॉमध्ये रशरला पाहुण्यासारखं ‘या, बसा’ म्हणून आत घ्यायचं आणि बाहेरच्या बाजूला नेऊन बसवायचं. हे थ्री-टेकच्या बाबतीत पटकन जमलं, नोजच्या बाबतीत अजून साठ टक्केच.

मग नवीन कटकट. सेंटर थांबायला शिकला तर बॅक त्याच्या आधी पोचायला लागला. बॅकला ‘वन थाउजंड वन’ मोजायला सांगितलं. तो ते मोठ्याने मोजायचा. समोरच्या डिफेन्सिव्ह टॅकलने ते ऐकलं आणि पुढच्या ड्रॉला तोही मोजायला लागला. मग मोजणं बंद. आता बॅक सेंटरचे हात बघतो: हात नोजवरून सुटले की निघायचं. सेंटर हळू असला तर बॅक हळू, तो लवकर सुटला तर बॅक लवकर. आपोआप जुळतं. शनिवारचे 22 यार्ड याचे आहेत, बाकी सगळं सजावट.

ड्रिलचं सामान: स्थानिक दुकानातून आणलेल्या हँड शील्डची (हातात धरायच्या गादीची) शिवण पहिल्याच आठवड्यात उसवली, त्यामुळे लाइनबॅकरच्या जागी कचऱ्याचे प्लॅस्टिकचे डबे उभे करतो. डब्यांवर माइक, विल असं मार्करने लिहिलंय. पोरांना जाम आवडतात, लाथ मारली तरी तक्रार नाही.

शनिवारची मला जास्त भावलेली गोष्ट त्या लांब धावेनंतरची. पुढच्या सिरीजला साधा इनसाइड झोन, आणि पाच यार्ड! माइक अर्धं पाऊल अडखळला, बस. ड्रॉने स्वतः किती यार्ड दिले यापेक्षा हे अर्धं पाऊल मला हवं होतं. अर्थात त्याआधी स्टिक रूट (छोटे पास) पूर्ण झाले होते, म्हणून धास्ती खरी होती. पास जमत नसेल तर ड्रॉच्या नादी लागू नका. आणि थर्ड अँड फिफ्टीनचा ड्रॉ म्हणजे पंटच्या (लाथेने चेंडू समोरच्यांना देण्याच्या) आधीची औपचारिकता, तो मी या हिशेबात धरतच नाही.

पुढे स्टिक आणि ड्रॉ एकत्र करून विलला वाचणारा आरपीओ (तो काय करतो ते बघून रन की पास ठरवायचा प्ले) घालायचा होता. हायस्कूलच्या नियमात पास सुटेपर्यंत लाइनमन 2 यार्डांपलीकडे जाऊ शकत नाहीत, आणि ड्रॉमध्ये चार जण तसेही मागेच बसलेले असतात, म्हणजे फक्त सेंटर सांभाळायचा. पण तो बेत आता बाजूला, कारण पुढच्या टीमची फिल्म आली आहे आणि ते बेअर फ्रंट खेळतात. 1985च्या शिकागो बेअर्सवाला: नोज सेंटरच्या डोक्यावर, दोन्ही गार्डवर थ्री-टेक. माइकवर चढायला कोणी मोकळाच नाही.

म्हणून लीड ड्रॉ (बॅकच्या पुढे एक अडवणारा) काढावा म्हणतो. नव्वदच्या दशकातल्या काउबॉइजसारखा, एमिट स्मिथच्या पुढे डॅरिल जॉन्स्टन. आमचा एच-बॅक (तोच पुढचा अडवणारा) माइकला घेईल.

थांबा, हे लिहिता लिहिता फिल्म परत लावली. त्यांच्या बेअरमागे मॅन कव्हरेज आहे, प्रत्येकाला एकेक खेळाडू धरायचा. म्हणजे माइक पासला मागे जाणारच नाही, तो आमच्या बॅकवरच डोळे लावून बसणार, ड्रॉचं नाटक त्याच्यापुढे वाया. पण तो बॅकला बांधलेला असेल, तर बॅकला मोशनमध्ये (स्नॅपच्या आधीच) बाहेर पाठवू. माइक मागोमाग जाईल, मधली जागा रिकामी, आणि क्वार्टरबॅक ड्रॉ, चेंडू घेऊन तोच पळणार! सेंटरला नोजशिवाय दुसरं काम नाही, एच-बॅकचीही गरज नाही.

लीड ड्रॉ रद्द. मंगळवारी हे डब्यांवर चालवून बघतो. हेड कोच आडवा येणार हे नक्की, कारण क्वार्टरबॅकला मार बसला तर आमचा बॅकअप सध्या तोच सेंटर आहे.