ऑर्डर घेताना ऐकायचं कसं: माझा अनुभव

केटरिंगची ऑर्डर फोनवर घेताना पदार्थ सहसा चुकत नाहीत, पानांचा आकडा चुकतो. "दोनशे पानं" यात लहान मुलं, बँडवाले, ड्रायव्हर धरलेत का, हे समोरच्याने बोलण्याच्या ओघात सांगितलेलं असतं. आपण तेव्हा मनात दराचा हिशेब मांडत असतो. म्हणून पहिली सवय लावली ती ही, की त्याचं बोलणं संपेपर्यंत ना दर, ना मेनू. "बजेट किती?" लवकर विचारलं की माणूस घासाघिशीच्या पवित्र्यात जातो आणि कार्यक्रमाबद्दल बोलायचं थांबतो.

फोनवर नुसतं गप्प बसूनही भागत नाही, हुंकार लागतो. तीन-चार वाक्यं शांततेत गेली की "हॅलो, ऐकताय ना?" आलंच, आणि त्याचा धागा तुटला. "हं" वाक्य संपल्यावर द्यायचा. मध्येच दिला तर "आवरा आता" असा ऐकू येतो.

तो थांबला की मनात तीनपर्यंत मोजायचं. हे सगळ्यात जड गेलं, कारण धंद्यात शांतता म्हणजे गिऱ्हाईक सुटलं असंच वाटतं. पण "आणि हो..." नेमकं तेव्हाच येतं. मुलाकडचे जैन आहेत, कांदा-लसूणच काय, बटाटाही नको. किंवा त्या दिवशी संकष्टी आहे, तीसेक पानं उपवासाची.

मग परत म्हणून दाखवायचं. पंचवीस-पस्तीस, सात-साठ फोनवर सारखेच वाटतात, म्हणून आकडे सुटे: "तीन-पाच, पस्तीस." तारखेसोबत वारही विचारायचा, दोन्ही जुळले नाहीत तर गडबड तिथल्या तिथे सापडते. वैमानिकसुद्धा कंट्रोल टॉवरची सूचना अशीच परत म्हणतो. आकडे सोडून बाकीचं मात्र आपल्या शब्दांत, नाहीतर माणूस वैतागतो: "म्हणजे पंगत फक्त ज्येष्ठांची, बाकी बुफे, बरोबर?" यावर "हो, म्हणजे... साधारण तसंच" आलं, तर घरात अजून ठरलेलं नाही असं समजावं आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन करावा.

तक्रार आली की खुलासा जिभेवर तयार असतो. तो गिळायचा. "भात कच्चा होता" म्हटलं तर आधी विचारायचं, पहिल्या पंगतीला की शेवटच्या? शेवटच्या असेल तर बहुधा पानं वाढली म्हणून घाईत चढवलेलं पातेलं, वाफ पुरती मुरायच्या आत काढलेलं. पहिल्याच पंगतीला असेल तर आचाऱ्याशी बोलायला हवं. आधीच सफाई दिली की हा तपशील कधीच हाती लागत नाही.

घरी यातलं निम्मंच चालतं. प्रत्येक वाक्य परत म्हटलं तर "मी काय ऑर्डर देतेय का?" ऐकावं लागेल. आईने गुडघा दुखतोय म्हटलं की लगेच डॉक्टर सुचवू नये. आधी "कधीपासून?", मग "जिना चढताना की उतरताना?", आणि मग विचारावं, काही सुचवू की नुसतं ऐकू.